डिस्क उडाल्यावर जागे होऊन काय उपयोग?

व्यापारी माणूस रात्री शटर ओढतो, कुलूप लावतो आणि निघण्यापूर्वी ते एकदा हिसका देऊन पाहतो. ही सवय त्याला कोणी शिकवावी लागत नाही. पण त्याच दुकानाच्या कोपऱ्यात, धुळीने माखलेल्या एका डब्यात, दहा-दहा वर्षांची उधारी, जीएसटीची बिले, कारागिरांची मजुरी, गिऱ्हाइकांची मापे आणि नमुने एकाच हार्ड डिस्कवर पडून असतात. तिची दुसरी प्रत कोठे आहे, असे विचारले की मालक नोकराकडे पाहतो आणि नोकर छताकडे.

आजच हा विषय काढण्याचे कारण आहे. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. वाढीव सुरक्षेची सोय ठेवली गेली, पण ती मर्यादित काळापुरती. अनेक जुने कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकत नाहीत, कारण त्यासाठी लागणारी सुरक्षेची चिप किंवा प्रोसेसर त्यांत नाही. त्यामुळे कोणी नवा कॉम्प्युटर घेतो आहे, तर कोणी जुन्यातच नवी एसएसडी बसवून तो पळवतो आहे. दोन्ही वेळा प्रश्न एकच येतो : जुन्या डिस्कवरचे सगळे नव्या डिस्कवर जसेच्या तसे कसे न्यायचे? दुरुस्तीवाला म्हणतो, "क्लोन मारून देतो, शेठ." शेठ म्हणतात, "मार." क्लोन म्हणजे नेमके काय, तो कशाला उपयोगी आणि कशाला निरुपयोगी, हे दोघांपैकी एकालाही धड ठाऊक नसेल तर नुकसान ठरलेले. आम्ही ते सोसले आहे, म्हणून लिहीत आहोत.

आमच्यावर बेतले ते

आमचे काम छोटे. लग्नपत्रिका, बिलबुके, दुकानांच्या पाट्या. कॉम्प्युटरमध्ये पाचशे जीबीची डिस्क होती आणि तिच्यात आठ वर्षांच्या पत्रिकांची मांडणी व गिऱ्हाइकांची उधारी. डिस्क महिनाभर टकटक आवाज करीत होती. फाईल उघडायला वेळ लागे, कधी मशीन मध्येच थिजे. आम्ही दुर्लक्ष केले, कारण लग्नसराई चालू होती. शेवटी एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने नवी डिस्क जोडली, सॉफ्टवेअर चालू केले, आणि घाईत दिशा उलटी निवडली. भरलेल्या डिस्कवरून कोऱ्या डिस्कवर जायचे, ते कोऱ्या डिस्कवरून भरलेल्या डिस्कवर गेले. थोड्याच वेळात दोन्ही डिस्क सारख्याच कोऱ्या झाल्या.

त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याच्या बाजूला बसून चहा पीत आम्हीच गप्पा मारीत होतो. पडद्यावर सॉफ्टवेअरने दोनदा विचारले होते की, अमुक डिस्कवरचे सारे पुसले जाईल, चालेल का? दोन्ही वेळा "होय" दाबले गेले. वाचले कोणीच नाही.

वाचलो ते एका जुन्या पेनड्राइव्हमुळे. दुकानातल्या पोऱ्याने घरी काम करायचे म्हणून चार महिन्यांपूर्वी सगळे फोल्डर त्यात उतरवून नेले होते. त्यातून बरेचसे परत मिळाले. पण मधल्या चार महिन्यांची उधारी गेली, आणि तीही ऐन सराईची. मग आम्ही एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन विचारीत बसलो, "तुमच्याकडे किती राहिले होते हो?" बहुतेकांनी खरे सांगितले. काहींनी स्वतःहून फोन करून पैसे आणून दिले. काहींनी मात्र डोळ्याला डोळा देऊन सांगितले की, आमचा हिशेब तेव्हाच चुकता झाला. पैशापेक्षा जास्त बोचले ते हेच. त्या माणसांबद्दल आमच्या मनात अजून शंका आहे, आणि शंका खरी की खोटी हे ठरवायला आमच्याकडे कागद नाही.

डिस्क उडते कशी

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांच्यावरून वाचणारे डोके इतक्या कमी अंतरावरून तरंगते की, ते अंतर माणसाच्या केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरेल. मशीन चालू असताना धक्का बसला, वीज वारंवार गेली-आली, डब्यात उष्णता कोंडली, किंवा नुसते वय झाले, तरी हा खेळ बिघडतो. डोके तबकडीला घासले की तिथला मजकूर खरवडून जातो. म्हणून टकटक आवाज येऊ लागला की ती डिस्क आपल्याला सूचना देत आहे असे समजावे.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिच्यात सगळे चिपांवर लिहिलेले असते. म्हणून ती वेगवान, बिनआवाजी आणि धक्क्याला घट्ट. पण ती अमर नाही. हार्ड डिस्क निदान कुरकुर करून मरते. एसएसडी पुष्कळदा काल होती आणि आज नाही, अशी जाते. नवी एसएसडी बसवली म्हणजे आता चिंता मिटली, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आजारी डिस्कची तब्येत पाहण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फोसारखी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. डिस्क स्वतःच आपल्या दुखण्याची नोंद ठेवीत असते, ती नोंद हे सॉफ्टवेअर दाखवते. खराब झाल्यामुळे बदललेल्या आणि वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा शून्यावरून वर सरकू लागला की समजावे, आता दिवस मोजायचे आहेत. दुरुस्तीवाला आला की हा पडदा आधी उघडून दाखवायला सांगावे. दोन मिनिटांचे काम आहे.

क्लोन म्हणजे काय, आणि काय नाही

फाईल कॉपी करणे म्हणजे दुकानातला माल उचलून दुसऱ्या दुकानात नेणे. क्लोन म्हणजे कपाटे, फळ्या, गल्ला, पाटी आणि विजेचे बोर्ड यांसकट अख्खे दुकान जसेच्या तसे दुसऱ्या जागी उभे करणे. नवी डिस्क लावून मशीन चालू केले की तोच पडदा, तीच टॅली, तोच प्रिंटर, तोच छपाईचा फॉन्ट. काम करणाऱ्याला डिस्क बदलल्याचे कळतही नाही. साध्या कॉपीने हे होत नाही, कारण मशीन सुरू करणारे भाग साध्या फाईलींसारखे उचलता येत नाहीत.

हे तंत्र जुने आहे. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये घोस्ट नावाचे सॉफ्टवेअर तयार झाले, पुढे ते सिमँटेक या अमेरिकी कंपनीने घेतले. २०१३ साली त्याची विक्री बंद झाली, पण जुने दुरुस्तीवाले अजूनही "घोस्ट करून देतो" असेच म्हणतात. आज तैवानमध्ये तयार झालेले क्लोनझिला हे सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या फुकट मिळते. काही एसएसडी कंपन्या आपल्या मालासोबत क्लोनचे सॉफ्टवेअर देतात. असे असताना कोणाकडून तरी आणलेले चोरीचे सॉफ्टवेअर वापरण्याचे कारण काय? ज्या सॉफ्टवेअरच्या हाती आपण अख्खी डिस्क सोपवतो, तेच कोणी कुलूप फोडून बनवलेले असेल, तर त्याने आत काय सोडले हे कोण पाहणार?

आता क्लोन कधी करावा? एक, मशीन तेच ठेवून फक्त डिस्क बदलायची असेल तेव्हा. अशा वेळी क्लोनसारखा सोपा उपाय नाही, आणि विंडोजचे लायसन्सही सहसा अबाधित राहते, कारण ते मदरबोर्डाशी बांधलेले असते. दोन, जुन्या यंत्राचा कॉम्प्युटर असेल तेव्हा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत जॉबवर्क करणाऱ्या आपल्या बांधवांनी इथे कान द्यावा. लाखो रुपयांची यंत्रे अजून विंडोज एक्सपीवर चालणारी आढळतात. एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजीच संपले. त्या यंत्राची सीडी हरवलेली, विकणारा बदललेला, आणि सगळे गाडे चाळीस जीबीच्या एका म्हाताऱ्या डिस्कवर. ती उडाली तर यंत्र शाबूत असूनही लोखंडाच्या भावाचे होते. अशा यंत्राचा क्लोन आजच काढावा, यंत्र चालू आणि धडधाकट असताना. दोन काढले तर आणखी बरे. एक यंत्रात लावून चालवून पाहावा आणि डबीत घालून ठेवावा. असे यंत्र इंटरनेटला जोडू मात्र नये.

आणि क्लोन कधी करू नये? अगदी वेगळा, नवा कॉम्प्युटर घेतला असेल तेव्हा. जुन्या मशीनचे विंडोज नव्या मशीनच्या हाडामांसाशी जुळेलच असे नाही. पुष्कळदा ते सुरूच होत नाही, आणि जुन्या मशीनसोबत आलेले लायसन्सही नव्याला चालत नाही. तिथे नवे विंडोज, नवी सॉफ्टवेअर आणि फक्त डेटा उचलून आणणे हाच सरळ रस्ता. टॅलीचे लायसन्स मशीनशी बांधलेले असते. म्हणून मशीन बदलताना जुन्या मशीनवरून ते आधी सरेंडर करावे आणि मग नव्यावर चालू करावे. जुने मशीन विकून टाकल्यावर ही आठवण झाली तर धावपळ होते. तसेच ज्या डिस्कमध्ये व्हायरस आहे तिचा क्लोन काढला तर व्हायरसही तितक्याच इमानदारीने नव्या डिस्कवर येतो. क्लोन सज्जन-दुर्जन पाहत नाही.

काम करून घेताना

पुढील गोष्टी कापून दुकानातील कॉम्प्युटरशेजारी चिकटवून ठेवाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

पहिली गोष्ट. क्लोनला हात लावण्यापूर्वी सर्वांत मोलाची फोल्डरे पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून तो वेगळा काढून ठेवावा. टॅलीचा डेटा, बिले, नमुने, कागदपत्रांचे फोटो. आजारी डिस्कवर आधी अवघड शस्त्रक्रिया नको, आधी दागिने काढून घ्यावेत.

दुसरी. डिस्कची मापे पाहावीत. इथे फार जण फसतात. जुनी डिस्क पाचशे जीबीची आणि नवी एसएसडी ४८० जीबीची. दुकानदार म्हणतो, जवळजवळ तेवढीच आहे. पण क्लोनझिलासारखे सॉफ्टवेअर नवी जागा जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी असे मागते, आणि वीस जीबीसाठी काम अडते. मग जुनीचे पार्टिशन आकसून घ्यावे लागते, आणि आजारी डिस्कवर हा प्रयोग धोक्याचा. त्यापेक्षा खरेदी करतानाच मोठी घ्यावी. पाचशे जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, त्याला घाबरू नये. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, एवढाच फरक आहे.

तिसरी. दोन्ही डिस्कची कंपनी आणि त्यांवर छापलेला क्रमांक कागदावर लिहावा. एकीपुढे "भरलेली", दुसरीपुढे "कोरी". सॉफ्टवेअर विचारील तेव्हा पडद्यावरचे नाव या कागदाशी ताडून मगच "होय" दाबावे, आणि ते मालकाने स्वतः पाहावे. आमच्याकडे हा चार ओळींचा कागद असता तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

चौथी. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप आहे का ते पाहावे. नव्या मशीनवर ते मालकाच्या नकळत लागलेले असू शकते. त्याची ४८ अंकी किल्ली आधी लिहून घ्यावी आणि काम होईपर्यंत कुलूप काढून ठेवावे. किल्ली हरवली तर दुरुस्तीवालाही हतबल, कंपनीही हतबल.

पाचवी. वेळ आणि वीज. पाचशे जीबी मजकूर सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने नेला तरी सुमारे दीड तास लागतो. जुन्या पद्धतीच्या यूएसबीने तेच काम चार तास खाते. आजारी डिस्क असेल तर त्याहून अधिक. म्हणून दुकान उघडे असताना, गिऱ्हाईक दारात असताना हे काम काढू नये. यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर मशीन ठेवावे. मध्येच वीज गेली तर अर्धवट क्लोन कशाच्याही कामाचा नसतो.

सहावी. काम झाल्यावर मशीन बंद करून जुनी डिस्क काढावी आणि फक्त नवीवर मशीन चालू करून पाहावे. दोन्ही एकदम जोडल्या तर दोघींची ओळख सारखीच असल्याने विंडोज गोंधळते आणि एकीला बाजूला टाकते. मग टॅली उघडून कालच छापून ठेवलेली शिल्लक जुळते का ते पाहावे. दोन-चार जुने नमुने उघडावेत, एखादे बिल छापून पाहावे. दुरुस्तीवाल्याचे पैसे त्यानंतर द्यावेत.

सातवी. जुनी डिस्क लगेच पुसू नये. तारीख लिहून महिनाभर कपाटात ठेवावी. नव्यात काही राहून गेलेले महिन्याच्या हिशेबात उघड होते.

आणि डिस्क खरोखरच मरणपंथाला असेल, खडखड आवाज करीत असेल, तर क्लोनचा हट्टच धरू नये. मशीन बंद करून ती जाणकार डेटा काढणाऱ्याकडे न्यावी. डिस्क तांदळात ठेवणे, फ्रीजमध्ये ठेवणे, उघडून फुंकर मारणे हे प्रकार करणाऱ्याने तिचे दफनच केले समजावे.

घानातील एक डिस्क

आता सर्वांत मोठा गैरसमज. क्लोन झाला म्हणजे प्रत झाली, असे लोक मानतात. जुनी डिस्क महिनाभराने पुसली की पुन्हा आपल्याकडे एकच डिस्क उरते. म्हणजे आपण होतो तिथेच आलो. काही जण दुसरी डिस्क विकत घेतात आणि त्याच मशीनला कायमची जोडून ठेवतात. तेही पुरेसे नाही. याला जगातला दाखला आहे, आणि तो आपल्या दारातून गेलेला आहे.

नाशिकचा कांदा आणि द्राक्षे परदेशी जातात ती मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून. २७ जून २०१७ रोजी त्या बंदरातील एका टर्मिनलचे कॉम्प्युटर ठप्प झाले आणि कंटेनरची वाहतूक खोळंबली. ते टर्मिनल मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहाकडे होते. नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने त्या दिवशी जगभर धुमाकूळ घातला होता. तो पसरला कशातून? युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, हे व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मर्स्ककडे प्रती नव्हत्या असे नाही. कंपनीच्या साऱ्या जाळ्याची चावी ज्या सर्व्हरवर असते, तसे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची नक्कल सतत ठेवीत होते. एक गेला तर दुसरा आहे, अशी व्यवस्था. पण ते सगळे एकमेकांना जोडलेले होते, म्हणून सगळेच एकदम गेले. फक्त एक वाचला. तो आफ्रिकेतील घाना देशात होता, आणि तो का वाचला? कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! तो बंद होता, म्हणून व्हायरस त्याच्यापर्यंत पोचला नाही. तिथले इंटरनेट इतके बारीक होते की तो मजकूर तारेवरून पाठवणे परवडेना. घानातल्या माणसांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने ती हार्ड डिस्क विमानाने नायजेरियात नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती लंडनला पोचवली. त्या एका डिस्कवरून जगातील एवढी मोठी कंपनी पुन्हा उभी राहिली. ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे जाहीरपणे सांगितले. नुकसान कोट्यवधी डॉलरचे.

कोट्यवधीची उलाढाल असलेली कंपनी वाचली ती एका बंद पडलेल्या डिस्कमुळे, आणि आमचे दुकान वाचले ते पोऱ्याच्या खिशातल्या पेनड्राइव्हमुळे. दोन्हीकडे प्रत वाचली ती योगायोगाने. आमचे म्हणणे एवढेच की, जे योगायोगाने घडले ते नियमाने घडावे. मशीनला जोडलेली प्रत ही प्रत नव्हे. बाहेरची डिस्क आठवड्यातून एकदा जोडावी, डेटा उतरवावा, काढावी आणि घरी न्यावी. शक्य तर दोन डिस्क आळीपाळीने वापराव्यात, म्हणजे एक बिघडली किंवा चुकून पुसली तरी दुसरी हाताशी राहते.

घरी का, हे नाशिककरांना सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीला पूर आला तेव्हा सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्येही गोदेने पुन्हा रौद्र रूप दाखवले. दुकानाच्या खालच्या खणात ठेवलेली प्रत अशा दिवशी कॉम्प्युटरबरोबरच बुडते. चोर आला तर तोही दोन्ही नेतो.

"पण आमचे सगळे क्लाऊडवर आहे," असे तरुण मंडळी म्हणतात. चांगले आहे, जरूर ठेवावे. पण इथे पुसलेली फाईल तिथूनही पुसली जाते अशी व्यवस्था पुष्कळांच्या मशीनवर असते. पासवर्ड कोणाच्या तरी मोबाईलला बांधलेला असतो आणि तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. क्लाऊड ही तिसरी प्रत असावी, एकमेव नव्हे. "आमचे सगळे सीएकडे आहे," असे वडीलधारे म्हणतात. सीएकडे तुमचे रिटर्न असते. अमक्याने शनिवारी तीन हजार देतो म्हटले होते, ही नोंद सीएकडे नसते, आणि धंदा चालतो तो त्या नोंदीवर.

हा नुसता सावधगिरीचा मामला नाही, कायद्याचाही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. आणि जे कॉम्प्युटरवर हिशेब ठेवतात त्यांनी अपघाताने वा नैसर्गिक आपत्तीने मजकूर नष्ट झाला तरी तो वाजवी वेळेत परत उभा करता येईल अशी प्रत ठेवली पाहिजे, असे नियम ५७ सांगतो. "साहेब, डिस्क उडाली," हे उत्तर तिथे चालत नाही.

जुनी डिस्क ही अमानत आहे

क्लोन झाला, महिना उलटला, आता जुन्या डिस्कचे काय? ती भंगारवाल्याच्या पोत्यात जाते, किंवा दुरुस्तीवाला "राहू द्या माझ्याकडे" म्हणून घेऊन जातो. ही गोष्ट आम्हाला सर्वांत अधिक खटकते. त्या डिस्कमध्ये गिऱ्हाइकांचे आधार कार्ड आहे, पॅन आहे, मोबाईल क्रमांक आहेत. फोटो स्टुडिओवाल्याकडे तर लोकांच्या लेकीबाळींचे लग्नातले फोटो आहेत. विश्वासाने ठेवायला दिलेली ही अमानत आहे. ती पोत्यात घालून किलोच्या भावाने विकण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

फाईल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट मारला म्हणजे मजकूर जात नाही. अनुक्रमणिका फाडली, पाने तशीच राहिली, असे ते असते. साधे सॉफ्टवेअर ती पाने परत वाचू शकते. हार्ड डिस्क असेल तर तिच्यावर आरंभापासून अखेरपर्यंत पूर्ण नवे लिहून काढावे लागते. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरने पूर्ण पुसावी लागते. आणि डिस्क मेलेलीच असेल तर तिला ड्रिलने आरपार भोके पाडावीत. फॅब्रिकेशनवाल्या शेजाऱ्याकडे दोन मिनिटांचे काम आहे. २०२३ साली देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण कायदा नसता तरी विश्वासघात हा विश्वासघातच राहिला असता.

शिकणाऱ्या मुलांसाठी

शेवटी दोन शब्द आपल्या मोहल्ल्यातील मुलांसाठी. मोबाईल खोलण्यात आपली मुले तरबेज आहेत, त्यांचा हात बसलेला आहे. पण काच बदलून देणारे गल्लोगल्ली झाले आणि मजुरी घसरली. दुकानांच्या आणि कारखान्यांच्या डेटाची काळजी घेणारा माणूस मात्र शोधावा लागतो. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन दहा दुकानांच्या डिस्कची तब्येत पाहणे, प्रती काढणे, वर्षातून एकदा ती प्रत खरेच उघडते का याची चाचणी घेणे, हा स्वतंत्र धंदा आहे. त्याला भांडवल थोडे लागते, विश्वास फार लागतो.

पुण्याचे कैलाश काटकर यांचे उदाहरण सर्वांना माहीत असावे. दहावीनंतर शिक्षण सुटलेला हा मराठी माणूस कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत होता. धाकटे बंधू संजय यांना त्यांनी कॉम्प्युटर शिकवला. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस दिसू लागले तेव्हा दोघांनी त्यावरचे औषध तयार केले. १९९५ साली त्यांनी बाजारात आणलेले ते सॉफ्टवेअर म्हणजेच क्विक हील, आणि २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. हे दुकान दुरुस्तीच्या टेबलावरच सुरू झाले होते. सगळेच काटकर होणार नाहीत. पण ज्याच्याकडे डिस्क आली, त्याने तिच्यातले फोटो न उघडणे, कामाची पावती देणे, जुनी डिस्क मालकाच्या हातात परत देणे आणि चोरीचे सॉफ्टवेअर न वापरणे, एवढे चार नियम पाळले तरी त्याच्याकडे गिऱ्हाईक चालत येईल.

आपले आजोबा रोजमेळ वेगळा आणि खतावणी वेगळी लिहीत. एका वहीतली नोंद दुसरीत पडत असे, आणि एक भिजली तरी दुसरीवरून हिशेब उभा राहत असे. लाल वही गेली, कॉम्प्युटर आला, काम सोपे झाले. पण दोन ठिकाणी लिहिण्याची ती शिस्त आपण वहीसोबत रद्दीत टाकली. ती परत आणायला काही हजारांची एक डिस्क आणि आठवड्याचा अर्धा तास पुरतो. बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा येत्या सुट्टीच्या दिवशी दुकानात बसून एवढेच पाहावे : आपल्या डिस्कची तब्येत कशी आहे, तिची प्रत कोठे आहे, आणि ती प्रत उघडते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मालकाने स्वतः प्रत उघडूनच द्यावे. नोकराच्या "हो शेठ" वर विसंबू नये. आम्ही विसंबलो होतो.